पाणबुडीच्या डिशा

विंचूरकडं वाइनच्या टाक्या उभ्या दिसतात ना, त्यातल्या कित्येकांची टोकं माझ्या हातची. टाकीच्या टोकाला फुगीर झाकण असतं, त्याला आम्ही डिश म्हणतो. शाळा चौथीतच सुटली, पण पत्र्याला घण मारून गोलाई कशी आणायची हे मला कुणी शिकवायचं कारण नाही. उभ्या जन्मात माझी एक डिश गळली नाही.

त्याच गुर्मीत पाणबुडी करायला घेतली. लोक विचारायचे, या वयात कशाला? म्हटलं, टाकी आडवी करायची, वर काच लावायची, आत माणूस बसवायचा. अवघड काय त्यात? आणि तो माणूस मीच, हेही गल्लीभर सांगून मोकळा झालो.

नळकांडं झालं. वाइनच्याच टाकीचा पत्रा घेऊन दोन डिशा ठोकल्या. माझी सून कारखान्यात ड्रॉइंग काढते. तिनं डिशच्या गोलाईचा पुठ्ठ्याचा फर्मा कापला आणि डिशवरून फिरवत फिरवत एका जागी थांबली.

"बाबा, इथं ताटलीएवढं चपटं आहे. फर्म्याखालून उजेड दिसतोय."

"एवढ्यानं टाकीला काही होत नाही."

"टाकीला नाहीच होत. वाइन आतून ढकलते, चपटं असलं तरी फुगून गोल होतं. इथं पाणी बाहेरून दाबणार. चपटं तेवढं आत बसेल."

"तू मला डिश शिकवतेस?"

ओट्यावर मेथी निवडत बसलेली बायको म्हणाली, "अहो, भांडता कशाला? आधी रिकामी बुडवा. मळ्यातली विहीर हायच की. मला कुंकू पुसायची लय घाई नाय."

लोखंडाचं वजन बांधून चेनपुलीनं पाणबुडी विहिरीत सोडली. तळाशी गेली आणि धप्प आवाज आला. वर ओढून बघतो तर बाकी सगळं ठाकठीक, त्या ताटलीएवढ्या जागी मात्र गुडघा टेकवल्यासारखा खड्डा!

चुकलो हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. सुनेला एवढंच म्हणालो, "पुठ्ठ्याचा फर्मा वाकतो. पत्र्याचा काप."

ती गालात हसली आणि कापायला बसली.

मी जाड पत्रा आणला. दोन घाव मारायचे, फर्मा लावायचा, उजेड दिसला की पुन्हा घाव. आठ दिवस हेच. खांदे भरून आले, पण मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू? नव्या डिशा बसवून पाणबुडी पुन्हा रिकामी विहिरीत सोडली. जशी गेली तशी वर आली.

मग मेव्हण्याच्या शेततळ्यावर अख्खी गल्ली गोळा झाली. मी आत बसलो, सुनेनं माणूस शिरायचं वरचं झाकण आवळलं आणि चेनपुलीनं मला खाली सोडलं. काचेवर हिरवं पाणी चढलं. मी डिशला हात लावून बसलो. गार होती, आणि जागची हलली नाही.

पाच मिनिटांनी वर काढलं तेव्हा बायको काठावर पदर खोचून उभी.

"काय दिसलं हो आत?"

"डिश."

"अन् दुसरं?"

"दुसरीकडं बघितलंच नाय. लय झाक झालीय."