दुसऱ्या बाजूची पहिली दोन मिनिटं

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, फोनवर सगळं फुकट ऐकायला मिळतं, मग तू ही काळी ताटं कशाला जमवतेस?" मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही, कारण माझं लक्षच नव्हतं. आतल्या खोलीत जमिनीवर दोन काचा ठेवल्या होत्या, त्यांच्यावर शब्दकोशाचे तीन खंड, आणि माझा जीव त्या काचांमध्ये अडकला होता. आता ते प्रकरण संपलं आहे. म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

मी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते आणि तुमचे आजोबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, हे तुम्हाला माहीत आहे. रेकॉर्ड-प्लेयर त्यांचा. ते गेल्यावर मी तो चादरीखाली झाकून ठेवला होता. सहा वर्षांपूर्वी तुमच्यातली मोठी सुट्टीला आली होती तेव्हा ती मला गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत घेऊन गेली. तिथे पाच मुलामुलींचा बँड वाजवत होता. माझ्या कानठळ्या बसल्या. निघताना दाराजवळ एका खोक्यात त्यांच्या रेकॉर्ड दिसल्या. वेष्टन हाताने छापलेलं, शाई थोडी पसरलेली, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं: ३८/१५०.

"म्हणजे काय गं?" मी मोठीला विचारलं.

"म्हणजे जगात दीडशेच आहेत, आजी. त्यातली ही अडतिसावी. संपल्या की संपल्या."

आयुष्यभर मी पुस्तकांवर क्रमांक घातले, पण 'संपल्या की संपल्या' असा माल माझ्या हातातून कधी गेला नव्हता. ती रेकॉर्ड मी घेतली. गाणी आवडली म्हणून नव्हे, खरं सांगते, क्रमांकासाठी. मग सवय लागली. कोलकात्याच्या एका बँडच्या शंभर, शिलाँगच्या मुलींच्या दोनशे, आइसलँडमधल्या दोन भावांच्या तीनशे. ठरलेल्या वेळी विक्री सुरू होते आणि मी चष्मा पुसून, बोट फोनवर ठेवून बसते. कित्येकदा पाच मिनिटांत सगळ्या संपतात आणि मग दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नसतं. पार्सल निघालं की ते कुठे पोचलं हे दर तासाला बघते. आज माझ्याकडे एकसष्ट आहेत. त्यातलं निम्मं संगीत मला कळत नाही. पण या मुलांनी पदरचे पैसे घालून, स्वतःच्या हाताने चिकटवून, कधी आत दोन ओळींची चिठ्ठी घालून पाठवलेली वस्तू हातात आली की मला बरं वाटतं.

आल्या आल्या प्रत्येक रेकॉर्डची वहीत नोंद होते. क्रमांक, कुठून आली, कशी वाजते. आणि प्रत्येकीला खाकी कव्हर. शाळेत वह्या-पुस्तकांना घालायचो तसं, कडा घट्ट दुमडून, चिकटपट्टी ओढून. स्वयंपाकाच्या मावशी म्हणतात, "तुमच्या कपाटात गाणी हायेत का दहावीची पुस्तकं?" गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी कव्हरं मळली म्हणून मी सगळी नवी घातली, पहिल्यापेक्षा घट्ट. ही गोष्ट लक्षात ठेवा.

रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यातली सर्वांत म्हातारी मीच. पंधरा दिवसांपूर्वी तिथे एका मुलीने विचारलं, अमुक बँडची रेकॉर्ड कुणाकडे आहे का, दुसरी बाजू चांगली असलेली हवी. माझीच ती पहिली रेकॉर्ड! मी दोन मिनिटांत उत्तर टाकलं, "प्रत क्रमांक ३८. उत्तम स्थितीत." कपाट न उघडता. वर्षभर तिला हातही लावलेला नसताना.

लगेच फोन आला.

"आजी, मी नामपूरहून बोलतेय. त्या बँडमध्ये गाणारी मीच होते. बँड मोडला, आता आप्पांबरोबर कांद्याचं बघते."

"मग तुझ्याकडे तुझीच रेकॉर्ड नाही?"

"होती. शेवटच्या कार्यक्रमात एक जण मागेच लागला, देऊन टाकली. बाकीच्या चौघांकडेही उरली नाही. म्हटलं आपल्याला काय, आपण तर गाणारे." ती हसली. "फार शहाणे होतो आम्ही. फक्त रेकॉर्डवर काढायचं, फोनवर काही टाकायचं नाही, असा नियम केला होता. मूळ रेकॉर्डिंग ज्या हार्ड डिस्कवर होतं ती बिघडली. दोघातिघांना दाखवली, काही निघालं नाही."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला तिची आई आहे. कांदे साठवायच्या चाळीत बसून निवडते आहे आणि स्वतःशीच गाते आहे. लेकीने बाजूला गुपचूप फोन ठेवून ते टिपलं होतं आणि रेकॉर्डवर घातलं होतं. तो फोन कधीच मोडीत गेला. दोन मिनिटं. मागच्या दिवाळीच्या आधी आई गेली.

"घरात तिचा आवाज कुठेच नाही, आजी. लग्नाची कॅसेट आहे, तिच्यात सगळा बेंजो वाजतोय. आप्पा रोज विचारतात, सापडली का. चार जणांकडे रेकॉर्ड आहे असं कळलं. एकाच्या रेकॉर्डवर एवढा ओरखडा, एक परदेशात गेलाय, उत्तर देत नाही, आणि एका कॅफेवाल्याने तिचं भिंतीवरचं घड्याळ केलंय. वर आकडे कोरून काटे बसवलेत. चौथ्या तुम्ही."

मी म्हटलं, "गुरुवारी ये. घर तुझंच आहे." फोन ठेवला आणि वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "बाजू दोन, सुरुवातीला घरगुती खडखड व बाईचा खोकला. दोष. दुसऱ्या गाण्यापासून ऐकणे."

सहा वर्षं मी तेच केलं होतं. सुई उचलायची आणि नेमकी त्या बाईला ओलांडून पुढे ठेवायची.

मग कपाटातून रेकॉर्ड काढली. खाकी कव्हर सोडवलं. प्लेयरवर ठेवून फिरवली. रेकॉर्डची कड एका बाजूने वर येत होती, खाली जात होती, तव्यावर फुगू लागलेल्या भाकरीसारखी. कपाट पश्चिमेच्या भिंतीला. उन्हाळाभर ती भिंत तापते आणि त्यात मी कव्हर आवळून बसवलेलं. पुस्तकाला त्याने काही होत नाही. रेकॉर्डला होतं. आणि वाकली ती बाहेरची कड, म्हणजे जिथे पहिलं गाणं असतं तीच जागा. सुई ठेवली तर ती उडी मारून पडली. अजून खराब होईल म्हणून मी लगेच उचलली.

तो सोमवार होता. मंगळवारी मला काही सुचेना. घडी घातलेले कपडे उलगडून मी परत घड्या घातल्या. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. मावशी म्हणाल्या, "काय हरवलंय का?" मी म्हटलं, नाही. फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. 'उत्तम स्थितीत' हे माझे शब्द त्या मुलीने वडिलांना वाचून दाखवले असणार. दुपारी चहा केला तो ओट्यावरच गार झाला. शाळेत पुस्तक फाडून आणणाऱ्या पोरांना मी तासभर उभं करायचे. आता मला कोण उभं करणार?

बुधवारी सकाळी फोन केला आणि सगळं सांगितलं. वहीतलंही. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मी आत्ता निघते."

सटाण्यावरून बसने ती दुपारी पोचली. उंच, केस आखूड, चपलांना लाल माती. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "दाखवा." आधी रेकॉर्ड नाही, वही मागितली. वाचली.

"दोष?"

मी खाली बघत होते. ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसले. "आई हेच म्हणाली असती. मी तिला ऐकवलं होतं ना, तर म्हणे, चांगल्या गाण्यांमध्ये माझा खोकला कशाला घातलास गं बाई?"

मग रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत धरून तिने फिरवली. "सरळ होऊ शकते. माझा एक मित्र दोन काचांमध्ये घालून ओव्हनमध्ये ठेवतो. दहा मिनिटांचं काम."

"आणि बिघडली तर?"

"त्याच्या दोन बिघडल्या."

"किती पैकी?"

"पाच."

"माझ्या घरात काही भाजायचं नाही," मी म्हटलं.

"आजी, मला परत जायचंय. तिकडे माल पडलाय, आप्पा एकटेच आहेत. उशीर तुमच्यामुळे नाही, पण..." ती थांबली. माझ्यामुळेच होता, हे दोघींनाही कळत होतं.

मी म्हटलं, "काचा, वजन आणि गारवा. उष्णता नाही. आतली खोली उत्तरेची आहे, फरशी थंड असते. हळूहळू बसेल."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही."

तिने ओठ आवळले. रेकॉर्ड तिच्या हातात होती आणि मी तिला अडवू शकले नसते. शेवटी म्हणाली, "दहा दिवस. त्याच्यावर एक नाही. नाही बसली तर मी घेऊन जाणार आणि ओव्हनमध्ये घालणार."

काचवाल्याकडून जाड काचा कापून आणल्या. मधे स्वच्छ रेकॉर्ड, वर शब्दकोश. ती संध्याकाळच्या बसने गेली आणि माझे ते दहा दिवस सुरू झाले. पुस्तकं उचलून बघायची नाहीत असं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी दोनदा उचलली. मग खोलीला बाहेरून कडी घातली. दुपारी भिंतीला हात लावून बघायचे, तापली तर नाही. दाराला ओला पडदा बांधला. रोज सकाळी तिचा फोन.

"काय म्हणते?"

"बघितलं नाही."

"खोटं बोलताय."

"आज नाही बघितलं."

मावशी रोज म्हणायच्या, "आज्जी, अंडी उबवताय का तिथं?" ऑनलाइन एका बँडच्या ऐंशी रेकॉर्ड निघाल्या, मी वाट बघत होते त्या. विक्रीची वेळ आली आणि गेली, मला आठवणही झाली नाही. त्याच रविवारी तुमचा फोन आला.

दहाव्या दिवशी ती लॅपटॉप आणि वायर घेऊन हजर. काचा उचलल्या. कड अजून थोडी वर होती. पहिल्यापेक्षा निम्मी असेल, पण होती. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून ती बघत राहिलो. ती म्हणाली, "ओव्हन." मी म्हटलं, "आधी वाजवून बघू." प्लेयरच्या दांड्याला मागे एक वजन असतं, ते फिरवून तिने सुईचा भार किंचित वाढवला. लॅपटॉप जोडला. सुई ठेवायला तिने मला सांगितलं, म्हणून मी ठेवली. त्या बाईला ऐकायचं म्हणून पहिल्यांदाच त्या जागी.

सुई वर झाली, खाली झाली, पण सुटली नाही. खरखर जवळजवळ नव्हतीच. नोंद करतानाचं एकदा सोडलं तर या रेघांवरून सहा वर्षांत सुई गेलीच नव्हती, त्या कोऱ्या राहिल्या होत्या. कांदे पडल्याचा आवाज आला, टप, टप. मग बाईचा आवाज. बारीक, थकलेला, पण सुरात. जिथे कड उचललेली होती तिथे दर फेऱ्याला सूर किंचित झोका खायचा. गाणं मध्येच विसरून ती खोकली, तेवढ्यात तिला तो ठेवलेला फोन दिसला असावा, आणि म्हणाली, "हाई काय ठेवेल शे मन्हा म्होरे?" आणि एका मुलीचं हसू. दोन मिनिटं संपली. मी सुई उचलली.

फाइल त्या मुलीने दोनदा तपासली, दोन ठिकाणी साठवली, मग एक वडिलांना पाठवली आणि लगेच त्यांना फोन लावला. "आप्पा, पाठवलंय. ऐका."

आम्ही वाट बघत बसलो. पाच मिनिटं गेली, सात गेली. मी उठले, बसले. आवाज झोका खातो तो त्यांना कसा लागेल, ती नव्हेच असं त्यांना वाटेल का, हे माझ्या मनात. तिच्याही तेच असावं, कारण ती म्हणाली, "हा झोका मी काढू शकते. थोडं काम करावं लागेल."

फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला.

"आप्पा?"

"गोल्टी येगळी करी ऱ्हायनी ती," वडील म्हणाले.

मला कळलं नाही. तिने माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, गोल्टी म्हणजे बारका कांदा. टप-टप आवाजांत एक हलका आणि एक जड होता. हलका पडला की बारका बाजूला टाकला, जड पडला की चांगला. मी ज्याला खडखड म्हटलं होतं त्यातून त्या माणसाला बायकोचा हात दिसत होता.

"आप्पा, आवाज थोडा हलतोय, तो मी सरळ करते."

"नको," ते म्हणाले. "तशीच शे ती. आखो एकदाव लाव."

"तुमच्याकडे आहे ना आता, तुम्हीच लावा."

"मले नही समजत. तू लाव."

तिने लॅपटॉप फोनजवळ सरकवला आणि लावलं. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. चौथ्या वेळी मी घड्याळाकडे बघितलं. तिची सटाण्याची बस निघून गेली होती. मी तिला काही म्हटलं नाही. आत जाऊन दोघींचा भात लावला, आणि कुकरची शिट्टी त्या फोनमध्ये जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.