मोठ्या बाई थांबल्या

देवीसमोर मी महिनाभर खोटं बोललो, हे लिहिताना आजही लाज वाटते. "आई, लेकीला बरं कर," असं म्हणायचो. पण लेक बरी झाल्याचं पत्र कधीच येऊन पडलं होतं, आणि मी तिला आणायला गेलो नव्हतो.

सोळाव्या वर्षी शोभाचं मन बिघडलं. अन्न तुटलं, एकटीच बडबडायची, दोनदा विहिरीकडे धावली. मग तिला शहरातल्या निवासी उपचार केंद्रात ठेवलं, त्याला वर्ष होत आलं होतं. ती पुन्हा तशीच झाली तर? धाकटीचं लग्न कसं जमायचं? या भीतीनं पाय हलत नव्हते. बायको रडून रडून गप्प झाली होती.

त्या मंगळवारी आमच्या पिंपळगावच्या रेणुकाईपुढे मी पहिल्यांदा खरं बोललो. "आई, मला भ्या वाटतं. माझ्यानं होत न्हाई. आता तूच बघ." बाहेर आलो तर पायरीवर एक वयस्कर बाई चपला काढत होत्या. त्यांनी माझंच नाव घेऊन घर विचारलं. केंद्राच्या प्रमुख, मोठ्या बाई! मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला नाही.

"ते परगावी गेलेत," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बरं. मग येईपर्यंत थांबते मी," म्हणत त्या मंडपात टेकल्या.

मी घराकडे निघालो, पण अर्ध्या वाटेवरून परतलो. हात जोडले. "बाई, तो बाप मीच हाय."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी आहे. वर्षभर पोरीवर उपचार केले, पण तिच्या आईबापाजवळ एकदाही बसले नाही. नुसतं पत्र धाडलं. आता दोघंही चार दिवस आमच्याकडे राहायला या. आजवर तसा नियम नव्हता. आता केलाय."

आम्ही गेलो. शोभा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "बापू, गोळ्या मी बराबर घेते. तेवढी पहिल्यासारखी खोलीला बाहेरून कडी लावू नका."

चौथ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं घरी आलो. पुढेही तिची तब्येत एकदा घसरली. बाई पुन्हा आल्या, आणि ती सावरली.

त्या दिवशी त्यांना कोणी धाडलं, याचा वाद मी घालत नाही. रेणुकाईवर भार टाकला तरी चालावं आपल्यालाच लागतं, एवढं कळलं. भ्यालेले पायही तिला चालतात.