स्प्रिंग बसवली कशावरून?

गॅरेजसमोर दुकान असलं की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही, ते आपोआप साचतात. माझं चष्म्याचं दुकान आहे होटगी रोडला, आणि बरोबर समोर रफीकभाईंचं मोटरसायकलचं गॅरेज. गिऱ्हाईक नसलं की मी समोरच्या बाकड्यावर. आणि गिऱ्हाईक बहुतेक नसतंच!

बाकड्यावर कायमचे आम्ही तिघं. मी, चादरी-टॉवेलचं दुकान असलेला सिदराम आणि यंत्रमाग चालवणारा व्यंकटेश. तिघंही एकजात संशयी. माझा तर धंदाच तसा आहे. डोळे तपासायला आलेले लोक आधीच्या माणसाने वाचलेली अक्षरं पाठ करून धडाधड म्हणून दाखवतात, म्हणून मी मधूनच तक्ता बदलतो. काही वर्षं हे केलं की माणूस स्वतःच्या सासऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

त्यात रफीकभाईंनी नवं काम सुरू केलं, पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा बदलून द्यायचं. त्यांचं म्हणणं असं, की गाडीबरोबर येणारी स्प्रिंग नरम असते. ब्रेक मारला की गाडी पुढून खाली बसते, वळणावर डुलते. त्या जागी कडक स्प्रिंग घातली की तीच गाडी शहाण्यासारखी वागते. असेलही! पण ही स्प्रिंग जाते पाईपच्या आत आणि वरून घट्ट झाकण. टायर बदलला तर दिसतो, सीट बदललं तर दिसतं. इथे गाडी आधी जशी, तशीच नंतर. सोलापुरात न दिसणारी वस्तू विकायची म्हणजे काय होणार ते सांगायला नको.

* * *

पहिलं गिऱ्हाईक करमाळ्याचं. किराणा दुकानदार, जाडजूड माणूस, बोलायला गोड. स्प्रिंगा बसवून गेला आणि पुढच्या आठवड्यात परत हजर.

"रफीकभाई, काय बी फरक न्हाय बगा. घातली का न्हाय खरंच?"

रफीकभाईंनी गाडी फिरवून आणली. "एकदम मक्खन है सेठ!"

"मग मला का लागंना मक्खन?"

आम्ही तिघांनी बाकड्यावरून एकमेकांकडे पाहिलं. झालं, पकडला गेला बिचारा! रफीकभाई गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं, आणि पुढच्या ब्रेकची मूठ दाबली. ती हलेचना. गंजून बसली होती.

"सेठ, सामने का ब्रेक कब मारते?"

"पुढचा? कदीच न्हाय! आमच्या वडलांनी सांगून ठिवलंय, पुढचा ब्रेक मारला की मानूस उलटा पडतो."

रफीकभाईंनी घाम पुसला. "तो फिर स्प्रिंग का फरक वालिद साब कूच पूछो ना!"

माणूस गेला, पण जाताना शॉकअपकडे बघत बघतच गेला.

* * *

आता सिदरामचं ऐका. अक्कलकोट रोडला तो बायकोला मागे बसवून चालला होता. पुढे उसाची ट्रॉली. ट्रॉलीवाला एकदम थांबला, याने ब्रेक दाबला, गाडी पुढून बसली, आणि महादेवी वहिनी त्याच्या पाठीवरून पुढे! दोघं रस्त्याकडेच्या मातीत. हाडं शाबूत राहिली, पण वहिनींच्या हातातल्या बांगड्या फुटल्या.

घरी येऊन वहिनींनी निकाल दिला. "आता परत पुढनं खाली बसली, तर गाडी बसूला देऊन टाकायची. मोडनिंबला."

बसू म्हणजे बसवराज, वहिनींचा धाकटा भाऊ. गाडी घेतल्या दिवसापासून याचा तिच्यावर डोळा. आला की आधी टाकीवरून रुमाल फिरवणार आणि म्हणणार, "दाजी, गाडी लई ग्वाड हाय!" दुसऱ्याची गाडी स्वतःच्या रुमालाने पुसणारा माणूस, आता तुम्हीच समजा.

सिदरामने हे बाकड्यावर सांगितलं तेव्हा त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "दुकान वडलांनी काढून दिलं, घर वडलांनी बांधलं, बायको बी त्यांनीच बघितली. ही येवडी एक गाडी मी माज्या मनानं घेतली ओ!"

मला खूप वाईट वाटलं. व्यंकटेशने स्वतःचा चहा त्याच्यापुढे सरकवला. तेवढ्यात आतून रफीकभाई म्हणाले, "टेन्शन नक्को. स्प्रिंग बदलेंगे."

* * *

स्प्रिंग किती कडक हवी ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. पण तोंडी सांगितलेलं वजन रफीकभाई मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, माणूस वय आणि वजन दोन्ही कमीच सांगतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं करायचं, हा गॅरेजचा नियमच.

सिदराम काट्यावर चढला. भंगारवाला फोनवर बोलत होता. मान वर न करता सवयीने म्हणाला, "लोखंड का पत्रा?"

"पुराना माल है," रफीकभाई म्हणाले, "देख के तोल!"

काटा बघून व्यंकटेश हळूच माझ्या कानात पुटपुटला, "काटा बरोबर हाय का बे ह्याचा?" मग आम्ही दोघंही चढून बघितलं. काटा बरोबर होता. सगळ्यांनाच वाईट वाटलं.

* * *

खरी अडचण पुढे आली. रफीकभाई म्हणाले, "भाभी पीछे बैठते ना? उनका भी वजन होना."

वहिनींना भंगारवाल्याच्या काट्यावर या म्हणायची कुणाची छाती! सिदरामने डोकं चालवलं. घरी वजनाचा छोटा काटा नेला, न्हाणीच्या दाराशी ठेवला आणि दुकानातला टॉवेल त्यावर अंथरला. वहिनी आल्या, टॉवेलाकडे बघितलं आणि कडेने निघून गेल्या. नवा कोरा टॉवेल नवऱ्याने जमिनीवर अंथरलाय म्हणजे काहीतरी आहे!

शेवटी त्याने सरळ विचारलं.

"कशाला पायजे वो माजं वजन?"

"सहज."

"सहज? लग्न झाल्यापासनं सहज काय इचारलं न्हाय तुमी मला! खरं सांगा, इमा काडालाव व्हय माजा?"

दुसऱ्या दिवशी सिदराम गॅरेजमध्ये आला आणि हात जोडून म्हणाला, "रफीकभाई, अंदाजानं घाला."

* * *

या गॅरेजचा आणखी एक रिवाज आहे. काम मालकाच्या डोळ्यांदेखत करायचं आणि काढलेला जुना पार्ट मालकाच्याच हातात द्यायचा. म्हणजे नंतर तक्रार नको.

स्प्रिंग बसवायच्या दिवशी सिदराम गॅरेज उघडायच्या आधीच येऊन स्टुलावर बसला. नजर शॉकअपवर. मी म्हटलं, जरा चहा तरी घे. घेतला. व्यंकटेशने ताक मागवलं, तेही घेतलं. ऊन तापलं, मग पाणी. रफीकभाईंनी चाक काढलं, तेल काढलं, आणि झाकणाला पाना लावला त्याच क्षणी सिदराम स्टुलावरून उठला. चेहरा कसनुसा.

"लक्ष ठिवा रे!" एवढं म्हणून पळाला.

आम्ही लक्ष ठेवणारच होतो. पण नेमकं माझ्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं. कधी नव्हे ते! आणि व्यंकटेशला यंत्रमागावरून फोन आला. तिघं परत जमलो तेव्हा झाकणं घट्ट बसलेली आणि रफीकभाई हात पुसत उभे.

"हो गया सेठ." त्यांनी जुन्या स्प्रिंगा सिदरामच्या हातावर ठेवल्या.

सिदरामने त्या उलटसुलट करून बघितल्या. "ह्या माज्याच कशावरनं?"

"देखो ना, कैसी दब के बैठी है बेचारी. तुमारीच है!"

* * *

त्या आगीत व्यंकटेशने तेल ओतलं.

"मी फोनवर होतो, पण डोळा हिकडंच होता बे! पाण्याचा पाईप कापालते आन गाडीत घालालते!"

"पाण्याचा पाईप?"

"नळाचा! पांढरा!"

रफीकभाईंनी शांतपणे समजावलं. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा आखूड असते, म्हणून उरलेली जागा भरायला वर पाईपचा तुकडा बसवावा लागतो. सगळीकडे असंच करतात.

सिदराम स्टुलावर बसला. "म्हंजे पाईप बी नळाचा, आन स्प्रिंग बी आखूड?"

समजावून सांगावं आणि संशय दुप्पट व्हावा, असं मी पहिल्यांदाच बघितलं. रफीकभाई वैतागले. "कल कू पूछोगे, टाकी में पेट्रोल है क्या पानी!"

ते आत गेले. व्यंकटेशने इकडेतिकडे बघितलं, हळूच टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला.

* * *

रविवारी सकाळी मोडनिंबहून बसवराज आला. "सहज आलो." एसटीने आला होता आणि हातात हेल्मेट! बसमध्ये हेल्मेट कशाला हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आमचा सगळा संशय तोवर रफीकभाईंवर खर्च झाला होता.

सिदराम वहिनींना आणि मेव्हण्याला घेऊन गॅरेजवर आला. आज काय तो निकाल. बसवराजने हँडल धरून गाडी दाबली आणि मान हलवली.

"दाजी, जुनीच हाय वो. आत काय बी न्हाय."

मग रस्त्यावरचा जो येईल तो दाबून बघायला लागला. पानवाला म्हणाला कडक आहे, भंगारवाला म्हणाला नरम आहे, आणि एका जाणाऱ्या गृहस्थांनी काय चाललंय ते न विचारताच दोनदा दाबलं आणि "ठीक आहे" म्हणून निघून गेले. रफीकभाई गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढी वर्षं त्या माणसाने आमच्या गाड्या सांभाळल्या, आणि आज सगळी गल्ली त्याच्या कामावर हात टाकून बघत होती.

"सुम्मनिर्री सगळे!" सिदराम कन्नडमध्ये ओरडला तशी गल्ली गप्प झाली. "महादेवी, बस मागं."

तो वहिनींना घेऊन पार लांबून फिरून आला आणि आमच्यासमोर जोरात ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. जरासुद्धा वाकली नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या.

वहिनी खाली उतरल्या. "तुमी हळू मारला."

परत गेले, परत आले. या वेळी टायर किंचाळला.

"आता मी घट्ट धरलं हुतं म्हनून."

तिसऱ्यांदा वहिनींनी हात सोडून दिले. गाडी तशीच ताठ थांबली.

"हितला रस्ता चांगला हाय," वहिनी म्हणाल्या.

सिदरामने डोकं धरलं. तेव्हा बसवराज पुढे झाला. टाकीवरून रुमाल फिरवला, हेल्मेट घातलं.

"आक्का, दाजी चालवत्यात म्हंजे ते त्यांच्याच बाजूनं चालवनार. मी बगतो की! एक राऊंड मारतो आन खरं काय ते सांगतो."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "बसू सांगंल तेच खरं."

सिदरामने किल्ली दिली.

बसवराज गेला. आम्ही चहा मागवला. चहा झाला. भजी मागवली, ती पण संपली. रफीकभाई फडकं हातात घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. "गिरा तो नहीं कहीं?" सिदराम बसेना. वहिनी मात्र निवांत होत्या. "नीट बगून येनार तो. घाई न्हाय त्येला."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सिदरामचा फोन वाजला. त्याने घाईघाईने स्पीकरवर टाकला.

"दाजी! स्प्रिंग खरी हाय वो! मोडनिंबपतुर आलो, येकदा बी गाडी पुढनं बसली न्हाय! रफीकभाईंवर उगं संशव घिऊ नका!"

रफीकभाई हळूच बाकड्यावर टेकले. सिदराम फोनकडे बघत राहिला.

वहिनींनी तो त्याच्या हातातून घेतला, बंद केला, आणि आमच्या सगळ्यांकडे मोठ्या अभिमानाने बघत म्हणाल्या, "मी म्हनलं न्हवतं? माजा भाव खोटं बोलत न्हाय!"