सिस्टर नोएला आणि पपईचा फैसला

प्रोफेसर हॅलोरन ब्रिस्बेनहून आले, बॅलमोर क्रीकच्या इस्पितळात चहा प्यायले, आणि जाता जाता सिस्टर नोएला फरारोची पपई बंद करून गेले.

"जखमेवर फळं चोपडायची?" ते हसत हसत सगळ्या नर्सेसना म्हणाले. "गुलाबी औषधात भिजवलेली पट्टी लावा. मी आयुष्यभर तेच करतोय."

नोएला मागं भिंतीला टेकून उभी होती. ऊस पिकवणाऱ्या इटालियन घरातली मुलगी, हाडापेरानं थोराड, तोंडानं फटकळ. उसाच्या पट्ट्यात उभी हयात काढलेल्या म्हाताऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, घोट्यापाशी कातडी फाटते आणि जखम वर्षानुवर्षं वाहत राहते. अशांच्या घरोघरी गाडीनं जाऊन पाय धुणं, पिकलेल्या पपईचा गर लावणं आणि वरून घट्ट पट्टी बांधणं हे नोएलाचं काम. पपईची विद्या तिला थर्सडे आयलंड बेटावरच्या एका वयस्क नर्सनं दिली होती. गावाचा तिच्यावर देवासारखा भरवसा.

"प्रोफेसर, बरे झालेले पाय दाखवू? दारात रांग लावते," ती म्हणाली.

"सिस्टर, त्याला पुरावा म्हणत नाहीत."

"आणि तुम्ही आयुष्यभर तेच करताय, त्याला म्हणतात?"

प्रोफेसरांनी घड्याळ पाहिलं. विमानाची वेळ झाली होती.

नोएला तणतणत मागच्या दारी जाऊन लाकडी जिन्यावर बसली. इस्पितळाच्या डॉक्टर अ‍ॅना लिंडक्विस्ट तिच्यामागोमाग आल्या. या बाईला दरडावून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"सिस्टर, या जिन्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "सगळ्यात खालची पायरी म्हणजे, कुणी मोठा माणूस म्हणतो म्हणून खरं."

"तिथं प्रोफेसर."

"हो. त्याच्या वर, माझा अमका पेशंट बरा झाला."

"तिथं मी. म्हणजे त्यांच्या डोक्यावर." नोएला पहिल्यांदा हसली.

"फार फुगू नका. तिसरीवर, बरे झालेले आणि न झालेले दोन्ही गोळा करायचे आणि मागं वळून विचारायचं, कुणाला काय लावलं होतं. चौथीवर, पपईवाले आणि बिनपपईवाले यांच्याकडे आधीपासूनच लक्ष ठेवायचं. पण तिथंही गोम आहे. पपई कुणाला लावायची हे कोण ठरवतं?"

ठरवत नोएला स्वतःच होती. फार सडलेल्या, फार वास येणाऱ्या जखमेला ती पपई लावायच्या फंदात पडत नसे, थेट इस्पितळात धाडत असे. मग तिच्या हातचे पाय बरे होणारच.

"त्याच्या वरची कुठली?" तिनं विचारलं.

"चिठ्ठ्या. कुणाला काय लावायचं ते चिठ्ठी ठरवणार. तुम्ही नाही, मी नाही, पेशंटही नाही. आणि अगदी वरच्या पायरीवर अशा सगळ्या चांगल्या चाचण्या एकत्र मांडून पाहायच्या. पपईसाठी तिथं काहीच नाही. कुणी केलंच नाही."

"मग आपण करू. त्या माणसापेक्षा एक पायरी वर बसून माझं भागायचं नाही."

इस्पितळाच्या मंडळानं नाही म्हटलं. नोएला पुढच्या बैठकीला गेली, त्याच्या पुढच्याही. "बंदी घालायला पुरावा लागला नाही, मग तपासायला एवढी भीती कसली?" एवढंच ती विचारायची. अखेर कंटाळून मंडळानं चाचणीपुरती सूट दिली. शेजारच्या गावांच्या नर्सेसही सामील झाल्या. केर्न्स शहरातल्या एका औषधवाल्यानं चिठ्ठ्या घातलेली बंद पाकिटं तयार केली. निम्म्यांना पपई, निम्म्यांना मिठाच्या पाण्याची साधी पट्टी. वरून घट्ट पट्टी सगळ्यांनाच. जखमा मोजायला येणाऱ्या नर्सला कोणाला काय लावलंय ते कळू द्यायचं नाही, असंही ठरलं.

घोट्याशी वाहती जखम घेऊन फिरणारा नोएलाचा थोरला भाऊ रेन्झो यात नाव घालून मोकळा झाला. बहिणीच्या परसातली पपई आपल्यालाच मिळणार अशी त्याची खात्री होती. नोएलाच्या घरी पाकीट फोडलं, तर चिठ्ठी निघाली साध्या पट्टीची.

"मीठपाणी?" तो ओरडला. "लोणचं घालतेस का माझं? सख्ख्या भावाला?"

"चिठ्ठी निघाली ती निघाली."

"कुणाला कळणार आहे, नोएला? दार लाव आणि फास."

त्याचा पाय ठणकत होता. चेहरा रडवेला झाला होता. पपई मागच्या दारी झाडाला लटकत होती, हात लांबवायचा अवकाश. तिनं मीठपाण्याची पट्टी पिळली आणि बांधली.

"तुला चोरून लावली तर बाकीच्या सगळ्यांना फसवल्यासारखं होईल. शिव्या दे हव्या तेवढ्या, पण पाय हलवू नकोस."

त्यानं दिल्या.

निकाल लागला तेव्हा लिंडक्विस्टबाईंनी तिला खोलीत बोलावून दार लावलं. दोन्ही बाजूंचे पाय सारखेच भरले होते. पपईनं काडीचाही फरक पडला नव्हता. उलट काहींची कातडी पपईनं लाल होऊन चुरचुरली होती.

पपई लावायला शिकवणारा थर्सडे आयलंडच्या त्या नर्सचा हात नोएलाला आठवला. मग ती उठली. "गावाला मीच सांगणार."

गावच्या हॉलमध्ये सगळे जमले. प्रोफेसरही मुद्दाम आले होते. नोएलानं उभं राहून सांगून टाकलं, "पपईनं जखम लवकर भरत नाही. मला वाटत होतं, ते चुकीचं होतं. उद्यापासून बंद."

एकच गलका झाला. "विकली गेलीस!" कुणीतरी ओरडलं. "माझा पाय तूच बरा केलास आणि आता नाही म्हणतेस?" म्हातारी मॅव्हिस बोवेन तावातावानं उभी राहिली.

"पाय बरा झाला, मॅव्हिस. पपईनं झाला असं सांगत होते, ते आता सांगणार नाही. कितीही ओरडा."

प्रोफेसर पुढं येऊन गोड हसले. "मी म्हणालोच होतो, सिस्टर."

"म्हणाला होतात. बरोबर निघालात. पण ते तुम्हाला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. आता आहे." ती जागची हलली नाही. "पाकिटं कशी करायची ते आम्हाला जमलंय. आता तुमचं गुलाबी औषध."

प्रोफेसरांचं हसू मावळलं. लिंडक्विस्टबाई हसू दाबत बुटाच्या टोकाकडे बघत राहिल्या.

गुलाबी औषधाची चाचणी उभी राहायला फार वेळ लागला, आणि त्या भांडणात नोएलाच्या बढतीवर पाणी पडलं. पण उसाचं गाळप पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिलं पाकीट फुटलं.

रेन्झोची जखम अजून भरली नव्हती; पपई बंद झाल्याच्या रागानं त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. ठरल्या दिवशी ती जायची; तो भिंतीकडे तोंड करून पाय पुढं करायचा. मधल्या दिवसांत तो शेजारणीकडून गुपचूप पपई लावून घेतो हे तिला वासावरून कळत होतं. ती धुऊन टाकायची आणि पट्टी घट्ट बांधायची.

शेवटी जखम भरली. त्यानं पाय स्टुलावर ठेवला आणि ऐटीत म्हणाला, "बघ! पपई!"

नोएलानं नव्या गुलाबी कातडीवरून अंगठा फिरवला. तिला इतका आनंद झाला होता की भांडावंसंच वाटेना.

"पट्टी सोडू नकोस," ती म्हणाली. "आणि पपई खा. गोड असते."