मधला खांब

कुणाच्याही खोलीत शिरला की तो आधी वर पाहायचा, माणसांकडे नंतर. मान मागे टाकून छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायचा, "हे आमच्याकडचं," म्हणायचा आणि मगच सलाम करायचा.

यात बढाई नव्हती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दुबईतली बहुतेक छतं कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, वाशांवर उभी होती आणि ते वासे गलबतांतून येत ते त्याच्या मुलखातून, पूर्व आफ्रिकेतल्या रुफिजी नदीच्या मुखाशी असलेल्या जंगलातून. वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद. म्हणून तेव्हाच्या खोल्या बोळासारख्या अरुंद असत. "खोली तुझी, रुंदी आमची," असं तो मला म्हणे.

तो दुबईच्या खाडीवर वाशांची दलाली करायचा. मी खाडीकाठच्या देरा भागात बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका पेढीत कारकून होतो. आम्ही मुरुड-श्रीवर्धनकडची मंडळी एका खोलीत राहत होतो आणि अब्बासचाचा आमचे वडीलधारे होते. तो पहिल्यांदा आला तेव्हा चाचा चुलीपाशी बसल्या बसल्याच म्हणाले, "हबशी आलाय कोणी, बघ."

मला ओशाळल्यासारखं झालं. सारवासारव करायला मी त्याला जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दल सांगितलं. तुझ्याकडचेच लोक, आमच्याकडे येऊन राज्य करून गेले, वगैरे.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. आणि आमच्याकडे परत काय गेलं?"

हा त्याचा कायमचा प्रश्न होता. आमच्या चहावर, चाचांच्या मासळीवर, रेडिओवरच्या बातम्यांवर, सगळ्यावर. त्याचा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. रेडिओवर त्या बाजूचं काही लागलं की तो खोलीत येरझाऱ्या घालू लागे. अरुंद खोलीत त्या कसल्या, चार पावलं गेला की भिंत.

"इंग्रज गेला, आता तुमचं चालवणार कोण?" चाचांनी एकदा डिवचलं.

"तुमच्याकडे कोण चालवतं, चाचा?"

"आमचं आम्ही."

"मग तुम्ही सगळे इथे काय करताय?"

चाचा हसत सुटले. मी हसलो नाही. मला ते लागलं होतं.

बाहेरचे लोक त्याला सांगत, तुमच्या जमिनीत तांबं आहे, सोनं आहे, आफ्रिकेचं भविष्य मोठं आहे. त्यावर तो चिडायचा. "आफ्रिका, आफ्रिका. कुठली आफ्रिका? मला रुफिजीचं विचारा. आमच्याकडून वासे जातात. परत येतो खजूर आणि खारी मासळी. जमिनीतलं निघालं तर तेही असंच जाईल." मग म्हणायचा, "आधी तो मधला खांब निघायला हवा."

हा खांब होता त्याच्या गावच्या शाळेतला. शाळाही वाशांचीच. पण वर्ग मोठा हवा म्हणून दोन वासे टोकाला टोक लावून घातलेले आणि जोडाखाली, वर्गाच्या अगदी मध्यावर, एक जाड खांब. लहानपणी त्याची जागा त्या खांबामागे होती. फळ्याचा उजवा भाग त्याला कधी दिसला नाही. "मास्तर गणित डावीकडे मांडायचे, उत्तर उजवीकडे," तो सांगे. "मला अजून नुसती गणितंच येतात." हे सांगताना तो स्वतःच हसायचा, पण पाय हलवायचं थांबवायचा नाही.

पुढे आमच्या मालकाने नवी पेढी बांधली. लोखंडी सळया घालून सिमेंटचा स्लॅब टाकला. मी मोठ्या हौसेने त्याला दाखवायला नेलं. दारातून आत आला आणि सवयीने त्याची मान वर गेली. वर काहीच नव्हतं, नुसतं करडं, सपाट. मला वाटलं, आता याला आपला धंदा बुडाल्याचं वाईट वाटणार.

तो खोलीच्या मध्यावर गेला. हात पसरून स्वतःभोवती फिरला. "खांब कुठाय?"

"लागत नाही."

"खलास," तो म्हणाला. मला कळेना, हे सुखाने की दुःखाने.

पुढच्या आठवड्यात त्याने दलाली सोडली आणि एका ठेकेदाराकडे मजूर म्हणून लागला. खाडीवर ज्याला हमाल सलाम करत, तो पाट्या वाहू लागला, सळया वाकवू लागला. लोकांना वाटलं, डोकं फिरलं. चाचांनी तर तोंडावर विचारलं, "अरे मियां, या वयात?"

"शिकून जायचंय, चाचा. त्या शाळेवर स्लॅब टाकणार."

"तुमचं सरकार टाकेल की."

"सरकारही आमच्यासारखंच खांबामागे बसून शिकलंय."

वर्षभरात आमच्या त्या नव्या पेढीच्या छताला तांबूस डाग पडले, मग पोपडे सुटले, आत सळया गंजलेल्या दिसल्या. वाळू किनाऱ्यावरची वापरली होती आणि मिठाने लोखंड खाल्लं होतं. तेव्हा त्या किनाऱ्यावर बरेच जण हीच चूक करत होते, कारण वाळू पायाखालीच होती. त्याने ते छत बराच वेळ न्याहाळलं. त्या दिवसापासून त्याला एक नवी खोड लागली. वाळूचा ढीग दिसला की चिमूटभर घ्यायची, जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. "खारी." रस्त्याने माझ्याशी बोलता बोलताही हे चाले. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही तो वेडाच वाटला असता.

हिवाळ्यात वारा दक्षिणेकडे वळला आणि गलबतं आफ्रिकेकडे परत निघाली, तेव्हा तो जायला निघाला. सळयांची मोळी गलबतात चढली. मी पोचवायला गेलो होतो.

"तुझ्या गावाला काय गेलं?" त्याने अचानक विचारलं.

मी सांगितलं, घोंगड्या, बॅटऱ्या, मागच्या खेपेला ट्रान्झिस्टर.

"आणि तू?"

"जाईन. इन्शाल्ला, दोनेक वर्षांत."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला असं दाखवलं, हा त्याचा चांगुलपणा. "यल्ला, निघतो," म्हणून तो फळीवरून चढून गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते गलबत वासे घेऊन आलं. मी धावत खाडीवर गेलो. गलबताचा नाखवा आमच्या ओळखीचा होता.

"पोचला का? शाळेचं काय?"

"स्लॅब टाकला," नाखवा म्हणाला. "वाळूसाठी होडी घेऊन नदीत पार वरपर्यंत जायचा. आणायचा, चाखायचा. अर्धा गाव हसायचा, अर्धा गाव पाट्या वाहायचा."

"मग? स्लॅबखालचे टेकू काढले? स्लॅब राहिला का वर?"

नाखवाने हात उडवले. "स्लॅब पक्का होऊन टेकू निघायला अजून दिवस होते. तो म्हणत होता, काढताना आत कुणी थांबायचं नाही, मी एकटा थांबणार. पण वारा फिरला, भाई. मी कसा थांबणार?"

पुढच्या वर्षी देऱ्यात वासे मागणारं कुणी उरलं नव्हतं. ते गलबत पुन्हा आलं नाही. दुसऱ्या नाखव्यांना विचारलं, त्या गावाकडे कुणी जात नव्हतं.

मी अजून इथेच आहे. माझ्या गावच्या शाळेवर पत्रे आहेत आणि ते कुणी बसवले हेही मला माहीत नाही. गेल्या काही वर्षांत इथे कितीतरी स्लॅबांचे टेकू निघताना मी पाहिले. शेवटच्या टेकूवर हातोडा पडतो तेव्हा सगळे बाहेर सरकतात. मीही सरकतो. आणि दरवेळी तो दिसतो, रिकाम्या वर्गाच्या मधोमध, खांब होता त्या जागी उभा, मान मागे टाकलेली.