बांधावरचं दिसतं, पुस्तकातलं नाही

मुलगी तिसरीत होती. शाळेतून आली की माझ्याजवळ बसून मोठ्यानं धडा वाचायची आणि मी भाजी निवडता निवडता ऐकायची. मला स्वतःला कधी इतकं घडाघडा वाचता आलं नाही. वाचन जमत नाही म्हणून घरच्यांनी मला चौथीनंतर शाळेतून काढलं होतं. त्यामुळे तिचं ऐकताना बरं वाटायचं.

एकदा सहज वाकून पाहिलं, तर तिच्यापुढे मोराच्या चित्राचं पान उघडं होतं आणि ती विहिरीचा धडा म्हणत होती. दोन पानं एकदम उलटली गेली होती. तिला ते कळलंही नव्हतं. मी मोराच्या पानावर बोट ठेवून म्हटलं, "हे वाच."

ती म्हणाली, "हा धडा शिकवला नाई अजून."

वर्गात सगळे मिळून म्हणतात ते ऐकून तिनं सगळं पुस्तक पाठ केलं होतं. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हात कामात असायचे, पण डोक्यात एकच, की हिलाही चौथीनंतर घरी बसवतील.

नवऱ्याला सांगितलं, हिला अक्षरं दिसत नसतील, डोळे दाखवू या. तो हसला. "डोळ्याले काय झालं तिच्या? बांधावरून कोण येऊन राह्यलं ते माझ्या आधी सांगते. तूच चश्मा लाव."

खरंच होतं ते. आमच्याकडे डोळे पाहायची रीतच ती. लांबच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा माणूस ओळखला की डोळे चांगले. मग मला वाटायचं, डोळे चांगले आहेत तर पोरीची बुद्धीच कमी असेल का? असं वाटलं की स्वतःचाच राग यायचा.

हिंगणीच्या बाजारासाठी आम्ही मेथी निवडत होतो. मुलीच्या जुडीत नेहमी गवत राहायचं आणि सासूबाई ओरडायच्या, "लक्ष कुठी असते व तुयं?" त्या दिवशी मी नीट पाहिलं. ती मेथीकडे पाहतच नव्हती, बोटांनी चाचपत होती. आणि एखादी काडी पाहायची झाली, तर हात लांब करून धरत होती.

त्याच आठवड्यात शाळेत डोळे तपासणारी डॉक्टरबाई आली. भिंतीवर तक्ता लावला होता. माझ्या मुलीनं लांब उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर सांगितलं. बाईनं कागदावर खूण केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

पोरांसोबत आलेल्या बायांच्या मागे मी उभी होते. चार लोकांत माझा आवाजच निघत नाही. फाटकापर्यंत जाऊन परत आले. पुन्हा गेले. बाई तक्ता गुंडाळायला लागली, तेव्हा मुलीच्या दप्तरातून पुस्तक काढलं आणि बाईपुढे धरलं.

"बाई, जवळचं पाह्यता का जी? हे तिले दिसत नाई."

मागून एक बाई म्हणाली, "अवं, पास झाली ना पोरगी! आता काय डॉक्टरले शिकवतं?"

बाया हसल्या. माझे कान तापले. पण डॉक्टरबाईनं पुस्तक घेतलं, तिला वाचायला दिलं. मुलीनं आधी ते दूर सरकवलं, मग कपाळाला आठ्या घातल्या, मग डोळे चोळले. बाईनं एक काच तिच्या डोळ्यासमोर धरली. मुलगी म्हणाली, "आता रेघा हालत नाई."

त्यापुढे वर्ध्याच्या दवाखान्यात दोन खेपा झाल्या. तिथं कळलं की लांबचं पाहताना तिला अडचण नाही, पण जवळ पाहायला डोळ्यांना फार ताण पडतो. डोळ्यांचं काम तिनं इतके दिवस कानांवर भागवलं होतं.

चश्मा आला आणि वाचन बिघडलं. आधी पाण्यासारखं म्हणायची, आता एकेका अक्षराला अडते. पहिलं अक्षर पाहते आणि कधीतरी ऐकलेला शब्द ठोकून देते. मी पटकन बरोबर शब्द सांगते, तो ती लगेच उचलते, आणि पुन्हा सगळं कानांवरच चालतं. हे कळायला मला पंधरा दिवस लागले. आता मी ओठ दाबून बसते. चौथीचं वर्ष तोंडावर आलंय आणि मी गप्प बसलेय, हे सोसवत नाही.

काल ती एका शब्दावर इतका वेळ अडली की डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "सांगून दे ना तिले. काऊन रडवून राह्यली पोरीले?"

"नाई सांगत मी," मी म्हटलं. सासूबाईंना मी असं कधी उलटून बोलले नव्हते.

"मोठी मास्तरीण झाली!"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो शब्द मला येत होता.