तीन बश्या आणि एक घास शिरा

हसा हो, खुशाल हसा! मी केला तो गाढवपणाच तसा होता. आणि साधासुधा नव्हे, चांगला नवा कोट शिवून, मोटारीनं पुण्याला जाऊन केलेला गाढवपणा! घरात बसून केला असता तर निदान मोटारीचं भाडं तरी वाचलं असतं.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. साखर तेव्हा कार्डावर मिळत नव्हती आणि माझ्या डोक्यावर केस होते, एवढं सांगितलं म्हणजे काळ कळला. मी नुकताच भाटघरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. कुणाला कुस्तीचा नाद असतो, कुणाला बैलांचा. मला नाद होता तो पैजा मारून खाण्याचा! काय दिवस होते हो ते! नसरापूरच्या जत्रेत एका बैठकीत मी दोन शेर जिलेबी खाल्ली होती, आणि वर पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवलं. सारोळ्यापर्यंत नाव झालं. मास्तर म्हणून मला कोण ओळखत होतं? 'ते जिलेबीवालं' म्हटलं की पोरंसोरं घर दाखवायची.

ती जिलेबी बघणाऱ्यांत वरव्याचे बाबूराव होते. मूळ गाव वरवे, पण पुण्यात मंडईत त्यांचा भाजीचा गाळा. त्यांची मुलगी हौसा लग्नाची. बाबूरावांचं असं ठाम मत, की जो मनापासून खातो त्याच्या पोटात पाप नसतं. त्यांनी आमच्या तात्यांना निरोप धाडला, "पोरगं आमच्या मनात भरलंय. येत्या गुरुवारी तिसऱ्या प्रहरी मुलगी बघाया या."

तात्या म्हणजे माझे चुलते. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी! आणि त्यांचा गुरुवारचा उपास कडक. चहाशिवाय काही नाही.

आता इथं एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मुलगी बघायला गेलं की आमच्यात गोडाची बशी पुढं येते. मुलगी पसंत असली तर खायचं. नसली तर नुसतं पाणी पिऊन "पोट भरलंय" म्हणायचं नि उठायचं. तोंडानं नकार द्यायचा नाही, मुलीच्या आईबापाला लागतं. बशी आत गेली की समजायचं, संपलं.

"म्या काय खानार न्हाई," तात्या मोटारीत मला बजावत होते. "दोगांचं तूच खायाचं. तुला काय अवगड हाय? सकाळपास्नं काय खाऊ नगंस म्हंजी झालं."

मी काही खाल्लं नव्हतं. देवाशपथ! कात्रजचा घाट उतरेपर्यंत पोटात कावळे ओरडत होते.

पुण्यात उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. बाबूरावांकडं जायला चांगला अवकाश होता. मग काय, हिंडलो! रस्त्यानं टांगे, सायकली, काचेच्या आत मांडलेली घड्याळं. तात्या प्रत्येक दुकानासमोर उभे राहून म्हणायचे, "घ्यायचं न्हाई, नुस्तं बगायचं." हिंडून हिंडून पाय दुखले, तेव्हा कोपऱ्यावरच्या एका इराण्याच्या हाटेलात शिरलो.

"नुसता च्या घ्यायचा," तात्या म्हणाले.

"नुसताच," मी म्हणालो.

आणि इथंच घात झाला!

मिशाळ वेटर आला, दोन कप चहा आपटले, आणि न मागता टेबलाच्या मधोमध ही एवढी भरलेली बशी ठेवून गेला. खारी, नानकटाया, बनपाव, आणि कागदाची झबली घातलेले पिवळे केक.

"आपन मागितलं व्हतं?" तात्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

तात्या विचारात पडले. तात्या विचारात पडले की मला धडकी भरते. मग त्यांचा चेहरा उजळला. "सदा, पाव्हनचार हाय ह्यो! नुसता च्या कसा द्यायचा, म्हून ठिवलं असंल. बग, आपन म्हनतो शेरातली मानसं कोरडी असत्यात."

"पण तात्या, तिकडं खायचंय ना मला?"

"मग पुढ्यात आलेलं अन्न टाकून उठनार व्हय? भाटघरची मानसं माजल्यात म्हनत्याल."

तुम्हीच सांगा, काय चुकलं त्यांचं? आपल्यात पानात टाकलेलं चालतं का? एका शितापायी मी आईच्या हातचा मार खाल्लाय. म्हटलं, एक बशी म्हणजे मला काय, दाताला लागायची नाही. पाच मिनिटांत साफ केली. पहिला केक झबल्यासकट गेला, ते सोडा.

बशी रिकामी झालेली बघून वेटर आला, ती उचलली आणि दुसरी भरलेली आणून ठेवली.

"लई अगत्य!" तात्यांचा ऊर भरून आला.

"तात्या, पुरे की आता."

"आरं, वाढनाऱ्याचं मन मोडू नये."

दुसरी संपवली. चहा केव्हाच गार झाला होता. खारीचा भुगा घशात बसला होता. वेटर पुन्हा येताना दिसला तसे मी दोन्ही हात रिकाम्या बशीवर आडवे धरले. पंगतीत आपण वाढप्याला थोपवतो ना, तसेच. त्या भल्या माणसानं माझ्या हाताखालून रिकामी बशी ओढून घेतली आणि तिसरी माझ्या हातांसमोर ठेवली! गल्ल्यावरचा इराणी म्हातारा कौतुकानं माझ्याकडं बघत होता. त्याच्या जन्मात असं गिऱ्हाईक आलं नसेल.

तिसऱ्या बशीला मला घाम फुटला. तात्या शेजारी बसून धीर देत होते, "ह्यो एक बन... झालं, संपत आलं... शाब्बास!" जत्रेत तरी भोवती ढोल होते हो!

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक टोपीवाले गृहस्थ बसले. त्यांच्यापुढंही तशीच बशी आली. त्यांनी एक खारी उचलली, चहात बुडवून खाल्ली आणि निवांत उठून गेले. वेटरनं त्यांची बशी उचलली आणि सरळ दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवली.

तात्या ताडकन उठले. "अवो! ह्येंचं उष्टं त्यांना वाढता व्हय?"

वेटर म्हणाला, "उष्टं कसलं आजोबा? बशी ठेवायची आमची पद्धत आहे. हवं ते एखाददुसरं घ्यायचं, तेवढ्याचेच पैसे द्यायचे, बाकीचं राहू द्यायचं. सगळी बशी कुणी खातं होय?"

तात्या माझ्याकडं वळले. "मग तू कशापायी खाल्लंस रं?"

आता बोला!

बाबूरावांचं बिऱ्हाड चाळीत दुसऱ्या मजल्यावर. तो जिना मी कसा चढलो ते माझं मला माहीत. खोली एकच, मध्ये पडदा. पडद्याअलीकडं आम्ही, पलीकडं चूल. बेलदोड्याचा घमघमाट सुटला होता.

"या मास्तर, या!" बाबूरावांनी मला मिठीच मारली. मला ती मिठी नको होती. पोट दाबलं गेलं. "आमच्या घरात सकाळपास्नं शिरा चाललाय. म्हटलं, साधा मानूस न्हाई येनार, जिलेबीवालं मास्तर येनार!"

मग हौसा आली. हातात बशी. बशीत शिऱ्याचा डोंगर.

खरं सांगतो, मी शिरा नंतर बघितला. आधी तिला बघितलं. मुली तेव्हा मान खाली घालून यायच्या. हिनं बशी ठेवताना एकदाच, सरळ, माझ्या तोंडाकडं बघितलं. 'हा कोण बुवा बघू या' असं. बस! मी मनात म्हटलं, लग्न करीन तर हिच्याशी, नाहीतर जन्मभर पोरांना पाढे शिकवीन.

"घ्या," बाबूराव म्हणाले.

मी घास उचलला. तोंडापर्यंत नेला. आणि आतून तिन्ही बश्या एकदम वर आल्या! घास तसाच परत बशीत ठेवला.

पडद्याआडून हौसाची आई डोकावत होती, तिचा चेहरा पडला.

"साखर कमी हाय का?" बाबूरावांनी विचारलं.

मी घाबरून गेलो. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काय निघावं? "नाही हो, पोट भरलंय."

अरे देवा! नकाराचे नेमके तेच शब्द! मी जीभ चावली, पण गेलेला शब्द परत येतो का?

तात्या मदतीला धावले. तात्या मदतीला धावले की सांभाळावं माणसानं. म्हणाले, "अवो पाव्हनं, खरंच भरलंय त्येचं. आत्ता इराण्याकडं तीन बश्या हानल्या त्येनं!"

"म्हंजी आमच्याकडं यायच्या आदी जेवून आला? खायाचंच नव्हतं तर!"

"तसं न्हाई वो—"

"आन् तीन बश्या?" बाबूराव उठून उभे राहिले. "तात्या, आमी पुन्यात ऱ्हातो. इराण्याकडं बशी कुनी संपवतं का? न्हाई पसंत तर न्हाई म्हना. पर आमाला अडानी समजू नका."

खरं बोललो तर खोटं ठरत होतं. हौसा पुढं आली. तिनं मान खाली घालून बशी उचलली आणि पडद्याकडं वळली. बशी आत निघाली! माझ्या काळजाचं पाणी झालं. समोरून सगळा संसार चालला होता, त्या शिऱ्यासकट.

मी उठलो आणि दोन्ही हातांनी बशी धरली!

एका बाजूनं ती ओढतेय, एका बाजूनं मी. चाळीतली चार डोकी दारात जमली. आणि वडीलधाऱ्यांच्या समोर, कधी कुणी बोललं नसेल ते मी ओरडून बोललो, "बशी नेऊ नका! मला पसंत आहे! मुलगी पसंत आहे! फक्त शिरा जात नाही हो!"

बाबूराव आ वासून बघत राहिले. तात्यांनी डोळे मिटून घेतले. हौसानं ओढायचं थांबवलं. तिनं दोन बोटांनी हरभऱ्याएवढा शिरा उचलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "एवडाच खावा. बास."

मी डोळे मिटून तो गिळला. तसा घास मी आयुष्यात पुन्हा खाल्ला नाही.

"मास्तर तोंडानं बोललं," बाबूराव आता हसत होते. "तर आमच्या पोरीला बी इचारू दे. काय गं हौसा?"

ती पळाली पडद्यामागं. पण पडदा तो पडदा! आईच्या कानात सांगितलेलं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"व्हय म्हन आये. म्या तर न्हाईच म्हननार व्हते. बाबा म्हनायचं दोन शेर जिलबी खातो, म्या म्हटलं, त्येच्यापायी भाकऱ्या बडवता बडवता जलम जाईल माजा! पर बाबांनी कुनी दुसराच बगितला असंल. ह्येला घासभर शिरा जात न्हाई. तीन बश्या म्हनं! त्यो म्हातारा लपवतोय, पोटाचा नाजूक दिसतोय बिचारा. चालंल मला असा."

नाजूक! मी! तात्यांना घराण्याची अब्रू गेल्यासारखं झालं. ते छाती काढून म्हणाले, "नाजूक? अवो, आमचा सदा तर—"

मी तात्यांच्या पायावर पाय दिला. जन्मात पहिल्यांदा! आणि चांगला दाबून धरला.

झालं. लग्न झालं, संसार झाला, दोन पोरं झाली. बायको गुणाची, मायेची. नाव ठेवायला जागा नाही. पण त्या दिवसापासून घरात मी नाजूक माणूस. पोरीचं 'व्हय' मोडू नये म्हणून बाबूरावांनी जिलेबीचं नाव काढलं नाही, आणि लग्नानंतर बदली झाली तिथं 'जिलेबीवालं' कुणाला ठाऊक नव्हतं. दोन भाकऱ्या वाढते आणि टोपली झाकते. वर काळजीनं विचारते, "जास्त न्हाई ना झालं?" पैजा सुटल्या, जत्रा सुटल्या, सगळं सुटलं.

खरं का सांगत नाही म्हणता? दहा वेळा सांगायला गेलो. पण परवा शेजारणीला सांगत होती, "आमच्या ह्यांचं खानं म्हंजी चिमनीचं. म्हून तर म्या व्हय म्हटलं." आता काय तोंडानं सांगू?

म्हणून तर, वहिनी, चहाच्या वेळेला मी तुमच्या घरावरून हटकून जातो. ती भज्यांची परात जरा इकडं सरकवा. आणि तुमची शपथ आहे, आमच्या घरी यातलं काही बोलू नका!